पाठ कामगाराची, जबाबदारी कुणाची?

दादर पूर्वेचा हिंदमाता परिसर म्हणजे मुंबईतल्या सामान्य माणसाचा कापडबाजार. हिंदमाता चित्रपटगृहाने या नाक्याला नाव दिले आणि साड्या, ड्रेस मटेरियल, शर्टिंग-सुटिंगच्या दुकानांनी गर्दी दिली. लग्नाचा बस्ता बांधायला माणसे इथे लांबून येतात. पावसाळ्यात मात्र हिंदमाता वर्तमानपत्रांत झळकते ती तुंबलेल्या पाण्यामुळे. गुडघाभर पाण्यातल्या मोटारींचे फोटो छापले जातात, पंप किती लावले आणि भूमिगत टाक्या किती बांधल्या याच्या चर्चा झडतात. पण याच बाजारात बाराही महिने एक दुखणे तुंबून राहिले आहे, त्याचा फोटो कोणी छापत नाही. ते दुखणे म्हणजे कामगाराची पाठ!

दुकानात शिरा आणि गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून जरा आजूबाजूला पाहा. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेला सेल्समन पुढे वाकतो, साडी उलगडतो, कमरेत वळून मागच्या फडताळातून दुसरी ओढतो. पन्नास साड्या उघडल्यावर गिऱ्हाईक ‘बघून येतो’ म्हणून उठते आणि तो पुन्हा वाकून पन्नास घड्या घालायला लागतो. काउंटरमागे उभी असलेली मुलगी सकाळी आली तेव्हापासून उभीच आहे. पोटमाळ्यावर डोके वाकवून उकिडवा बसलेला पोऱ्या वरून गठ्ठे खाली टाकतो. बाहेर हमाल हातगाडीवरून कापडाची गाठ पाठीवर घेतो आणि अरुंद जिना चढतो. मागच्या गाळ्यात शिंपी शिलाई मशीनवर दिवसभर ओणवा असतो. रात्री शटर पडल्यावर रस्त्यावरचा कचरा उचलायला सफाई कामगार येतो, आणि पाऊस पडून गेला असेल तर गाळही त्यालाच उपसावा लागतो. कामे निरनिराळी, मजुरी निरनिराळी, पण तक्रार एकच. कंबर गेली!

या तक्रारीवर आपल्या समाजाने काय उत्तर शोधले आहे? उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची, बाम चोळायचा, औषधाच्या दुकानातून पट्टा आणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचे. शिकलेले लोक थोडा वेगळा सल्ला देतात. नीट बस, नीट वाक, ओझे उचलताना गुडघे वाकव. सल्ला वाईट नाही. पण पोटमाळ्याची उंचीच चार फूट असेल तर तो पोऱ्या ताठ कसा उभा राहणार? जिन्यात दोन माणसांना शेजारी उभे राहायला जागा नसेल तर हमालाने गाठ दुसऱ्या कुणाबरोबर उचलायची? ज्याच्या हातात कामाची रचना नाही, त्यालाच नीट काम करण्याचे धडे द्यायचे, हा प्रकार आम्हाला ओळखीचा वाटतो. पायात बेडी घालायची आणि चालीला नावे ठेवायची!

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही, म्हणून वैद्यकशास्त्र काय म्हणते तेही पाहू. जगात माणसाला अपंगत्व आणणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली ६१ कोटी ९० लाख माणसे या दुखण्याने त्रस्त होती आणि २०५० सालापर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत या दुखण्याचे एक ठरावीक कारण एक्स-रेत किंवा एमआरआयमध्ये सापडत नाही. मालकाला हे फार सोयीचे पडते. ‘फोटोत काही नाही, म्हणजे तुला काही नाही’ असे म्हणायला तो मोकळा होतो. पण फोटोत दिसत नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. जड वजन वारंवार उचलणे, पुढे वाकून कमरेत वळणे आणि एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे यांचा कंबरदुखीशी संबंध जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळला आहे.

आणि पट्ट्याचे काय? निरोगी माणसाने कामावर पट्टा बांधला म्हणून त्याची कंबर वाचते, असा पुरावा नाही, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ सालीच सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही पट्टे आणि वजने लावून ओढण्याचे उपचार सरसकट वापरू नयेत असे म्हटले आहे आणि व्यायाम व रुग्णाला नीट माहिती देणे यांवर भर दिला आहे. वजन कसे उचलावे याचे नुसते प्रशिक्षण देऊनही कंबरदुखी टळत नाही, असे अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर दिसून आले. म्हणजे पट्टाही नाही आणि भाषणही नाही. मग उरते काय? उरते ते काम बदलणे. वजन कमी करणे, फडताळाची उंची बदलणे, चाके लावणे, बसायला स्टूल देणे, विश्रांती देणे. यांतली एकही गोष्ट कामगाराच्या हातात नाही. सगळ्या मालकाच्या हातात आहेत, आणि मालक ऐकत नसेल तर कायद्याच्या हातात आहेत.

वजनाचाच मुद्दा घ्या. त्याच अमेरिकन संस्थेने वजन उचलण्याचे एक सूत्र तयार केले आहे. त्याप्रमाणे सगळी परिस्थिती आदर्श असतानाही २३ किलो ही वरची मर्यादा धरली जाते. आदर्श म्हणजे काय? ओझे अंगाजवळ आहे, कमरेच्या वर-खाली फारसे जावे लागत नाही, वळावे लागत नाही, धरायला चांगली पकड आहे आणि वारंवार उचलायचे नाही. यांतली एकेक अट मोडली की मर्यादा खाली येत जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली जास्तीत जास्त वजनाविषयी १२७ क्रमांकाचा करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. या कराराला मान्यता द्यायला भारताला २०१० साल उजाडावे लागले. शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवर देणे हे ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला खटकले नाही, तिथे यात नवल ते काय? ते खटकले ते हमालांनाच. पोते ५० किलोचे करा ही मागणी महाराष्ट्रातल्या हमाल संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली. आज ५० किलोचे पोते सर्रास दिसते, त्यामागे हमालांचा आवाज आहे.

मुंबईच्या हमालांनी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली संघर्ष केला म्हणून १९६९ साली माथाडी कायदा आला. कापड बाजारासाठी माथाडी मंडळ झाले आणि ज्यांची कुठे नोंदच नव्हती त्यांना भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना मिळाला. त्या कायद्याच्या उद्देशातच आरोग्य आणि सुरक्षिततेच्या उपायांचा उल्लेख आहे. पण माथाडी चळवळीचा पुढचा टप्पा काय असावा, असा प्रश्न आम्हाला पडतो. मजुरीचा दर ठरला, पण ओझ्याचे वजन कोण ठरवणार? गाठीवर भावाचे लेबल असते, मग तिच्यावर वजनही ठळक लिहिलेले का नसावे?

हमालाचे दुखणे निदान डोळ्यांना दिसते. दुकानात उभ्या असलेल्या मुलीचे दिसत नाही. तिला बसू का देत नाहीत? जागा नाही म्हणून? नाही. ती बसली तर आळशी दिसते म्हणून! गिऱ्हाईक आले की सगळे उभे दिसले पाहिजेत, हा दुकानदारीचा दिमाख आहे. याच दिमाखाची एक गोष्ट वाचकांना सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या वकिली धंद्याशी संबंधित आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात शेतमजुरांना, जे बहुतेक मेक्सिकन वंशाचे होते, आखूड दांड्याचे कुदळे वापरावे लागत. त्यासाठी दिवसभर कमरेत दुमडून राहावे लागे. मजुरांच्या कमरा कायमच्या मोडत. मालक म्हणत, आखूड दांड्याने काम नेमके होते. खरे कारण दुसरेही होते. वाकलेला मजूर काम करतो आहे आणि ताठ झालेला मजूर काम करत नाही, हे मुकादमाला लांबूनच कळे! मजुरांच्या वकिलांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. सरकारी खाते म्हणत होते की कुदळ्यात दोष नाही, तो वापरण्याच्या पद्धतीत आहे. १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा संकुचित अर्थ नाकारला आणि त्यानंतर त्या अवजारावर बंदी आली. दांडा लांब झाला, पीक बुडाले नाही, शेती चालूच राहिली. मजुराला मात्र ताठ उभे राहता आले.

तिकडे वाकवून ठेवत होते, इकडे उभे करून ठेवतात. तत्त्व एकच. कामगाराचे शरीर त्याचे नाही, ते बघणाऱ्याच्या समाधानासाठी आहे!

आपल्याच देशातल्या केरळने या तत्त्वाला सुरुंग लावला. कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका दिवसभर उभ्या असत, भिंतीला टेकल्या तरी पगार कापला जाई. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी या कार्यकर्तीने ‘पेनकूट्ट’ या संघटनेतून त्यांना एकत्र केले. आधी मागणी होती लघवीला जाऊ द्या, मग मागणी आली बसू द्या. ‘बसायचे असेल तर घरी बसा’ असे टोमणे त्यांना ऐकावे लागले. पण त्या हटल्या नाहीत. २०१८ साली केरळने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. २०२१ साली तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचे भाषण सुरू होत नाही, त्या महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना मात्र हे स्टूल अजून परवडलेले नाही.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो? १९४८ चा जुना मुंबई दुकाने कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने त्याच्या बहुतेक तरतुदींतून बाहेर पडली. त्यांनी फक्त आपण धंदा करतो अशी सूचना द्यायची! नव्या कायद्यात पिण्याचे पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, मोठ्या आस्थापनांसाठी पाळणाघर आणि उपाहारगृह आहे. बसण्याच्या सोयीचे स्वतंत्र कलम नाही. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटीची सक्ती झाली. मराठी पाटीचे आम्ही स्वागतच करतो. पण पाटीसाठी लहान दुकानापर्यंत पोहोचणारा कायदा त्या पाटीखाली उभ्या असलेल्या मराठी मुलीच्या कमरेपर्यंत का पोहोचत नाही? पाटीला भाषा मिळाली, पाठीला कधी मिळणार? उलट २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने दहाची मर्यादा वीसवर आणि कामाचे रोजचे तास नवावरून दहावर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे संरक्षण कमी आणि उभे राहणे जास्त!

केंद्राच्या कायद्याची स्थितीही समजून घेतली पाहिजे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये इजा होईल एवढे ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे होते आणि कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. हिंदमाता, परळ, लालबागच्या गिरण्यांमधल्या कामगाराला निदान कागदावर हे कवच होते. १९८२ च्या संपानंतर एकेक करत गिरण्या बंद पडल्या. गिरणी कामगारांची मुले दुकानांत, मॉलमध्ये, सुरक्षारक्षकाच्या गणवेशात उभी राहिली. बापाला होते ते कवच मुलाला राहिले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. या २०२० च्या संहितेच्या कलम २४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था सांगितली आहे आणि ती कारखान्यापुरती नाही, आस्थापनांनाही आहे. ही जमेची बाजू आम्ही नाकारत नाही. पण तिथेही साधारणपणे दहा कामगारांचा उंबरठा आहे. ज्या दुकानात चार-सहा माणसे काम करतात, तिथली कंबर कायद्याच्या हिशेबात धरलेलीच नाही.

नुकसानभरपाईचे तर विचारूच नका. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला १९२३ पासून व्यवसायजन्य रोगांची यादी जोडलेली आहे. शिशाची विषबाधा त्यात आहे, सिलिकोसिस आहे. ओझ्याने मोडलेली कंबर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या आपल्या यादीत स्नायू आणि हाडांच्या विकारांचा वेगळा वर्ग ठेवला आहे, पण आपली यादी तिथपर्यंत गेलेली नाही. म्हणून हमालाची कंबर हळूहळू गेली तर ते ‘वयाचे दुखणे’ ठरते आणि तिशी-चाळिशीतच तो म्हातारा ठरवला जातो.

ही म्हातारपणाची वाटणी समाजात सारखी झालेली नाही, हे स्पष्ट बोललेच पाहिजे. ओझे वाहणे, मैला उपसणे, झाडणे ही कामे या देशात जन्माने वाटली गेली. मुंबईच्या गिरण्यांतही अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याची थुंकी सवर्णाला चालत नसे. जादा पगाराचे खाते एकाला आणि कमी पगाराचे दुसऱ्याला, ही विभागणी यंत्राने केली नव्हती. परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी हे डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास, अपघात, आरोग्य हे विषय दयेचे नव्हे तर कायद्याचे केले. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने, आणि ते विधेयक बाबासाहेबांच्या मजूर खात्याचे होते. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये कामगारांच्या आरोग्याचा आणि शक्तीचा दुरुपयोग होऊ नये असे आहे, अनुच्छेद ४२ मध्ये कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी असे आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचा आरोग्याचा हक्क अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. जगण्याच्या हक्कात ताठ कण्याने जगणे येत नसेल तर मग काय येते?

लहान दुकानदार म्हणतील, आमचीच ओढाताण आहे, जागा नाही, खर्च कुठून करू? त्यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकत नाही. पण खर्चाचा हिशेब तरी मांडा. एक उंच स्टूल, ज्यावर टेकून गिऱ्हाईकाशी बोलता येते. जड गठ्ठे कमरेच्या उंचीच्या कप्प्यात आणि हलके वर-खाली, एवढी फेरमांडणी. पोटमाळ्यावरून माल उतरवायला एक कप्पी. चाकांची एक ढकलगाडी. मोठी गाठ असेल तर दोन माणसे, किंवा गोदामातच तिचे दोन भाग. उभे राहण्याच्या जागी एक जाड पायपुसणे. तासा-दोन तासांनी पाच मिनिटे जागा बदलण्याची मुभा. शिलाई मशीनसमोर पाठ टेकता येईल अशी खुर्ची. यांतल्या कशाने दुकान बुडते? आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही एक करू शकतो. दुकानातली मुलगी बसलेली दिसली तर नाक मुरडू नका. ‘बसून दाखवा बाई, आम्हाला घाई नाही’ असे म्हणायला पैसे पडत नाहीत.

कामगार बंधू-भगिनींनाही चार गोष्टी सांगतो. ओझे उचलताना कमरेत लचक भरली तर ती लपवू नका. त्याच दिवशी मालकाला किंवा मुकादमाला सांगा, शक्य तर लेखी. केईएमला किंवा कामगार विम्याच्या रुग्णालयात गेलात तर काम करताना, काय उचलताना दुखणे सुरू झाले ते केसपेपरवर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. अचानक झालेली इजा कामावर झालेला अपघात म्हणून सिद्ध करता येते, पण कागदाशिवाय वकील काय करणार? पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवा, व्यायाम शिकून घ्या. मात्र पायातली ताकद गेली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर बाम आणि पायाळू शोधत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

सरकारकडे आमच्या मागण्या सरळ आहेत. केरळप्रमाणे बसण्याचा हक्क महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यात घाला आणि मराठी पाटीसारखाच तो दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू करा. हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा दुकान, गोदाम, बाजार सगळीकडे ठरवा आणि प्रत्येक गाठीवर वजन लिहायला लावा. कंबरेच्या विकारांना व्यवसायजन्य रोगांच्या यादीत जागा द्या. सफाई कामगारांना लांब दांड्याची, हलकी अवजारे द्या आणि कंत्राटदाराच्या नावाखाली हात झटकू नका. हिंदमातापासून थोड्या अंतरावर शीवला केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली, कामगाराच्या शरीराला साजेसे काम कसे असावे याचा अभ्यास तिथे दशकानुदशके झाला. ते ज्ञान शीवच्या इमारतीतून हिंदमाताच्या गाळ्यात कधी उतरणार?

आणि शेवटचे सांगणे आमच्याच माणसांना. केरळच्या बायकांना स्टूल कोणी दान दिले नाही, माथाडींना मंडळ कोणी भेट दिले नाही. हिंदमाताच्या दुकानांत विखुरलेले चार-चार, सहा-सहा कामगार एका संघटनेत आले तर त्यांची संख्या हजारांत मोजावी लागेल. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण भिंतीवर लिहून ठेवले आहे. आता ते दुकानाच्या काउंटरमागे नेऊ या. पहिली मागणी स्टुलाची करू या. माणसाला बसायला जागा मागावी लागते, ही लाज त्याची नाही, ती ठेवणाऱ्याची आहे!